सहाराची चंदेरी मुंगी आणि अंटार्क्टिकाचं बिनपंखी चिलट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीटकांविषयी बोलायला उभं राहिलं की शाळकरी मुलं काय आणि निवृत्त मंडळी काय, फिरून फिरून तेच प्रश्न येतात. "सगळ्यात गरम जागी कोण राहतं? सगळ्यात थंड जागी कोण?" त्यातून पुढे आणखी प्रश्न फुटतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. काही लांबली आहेत, काही एका ओळीत आटोपली आहेत. विषयच तसा आहे.

नेमके कोणते दोन कीटक?

पहिली सहाराची चंदेरी मुंगी, शास्त्रीय नाव कॅटाग्लिफिस बॉम्बिसिना. उत्तर आफ्रिकेतल्या सहारापासून सिनाई आणि अरबी द्वीपकल्पाच्या वाळूपर्यंत ती आढळते. कामकरी मुंगी साधारण ८ मिलिमीटरची असते. अंगाला चांदीची झाक, आणि उघड्या वाळूत, टेकड्यांच्या उतारावर घर.

दुसरं बेल्जिका अंटार्क्टिका, म्हणजे अंटार्क्टिकाचं बिनपंखी चिलट. लांबी २ ते ६ मिलिमीटर, रंग काळपट-जांभळा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा आणि त्यालगतची बेटं एवढाच त्याचा मुलूख. या खंडाबाहेर ते कुठेच नाही.

हीच जोडी का निवडली? उंट आणि पेंग्विन का नाही?

उंट आणि पेंग्विन दोघेही आपलं शरीर आतून ठरावीक तापमानाला राखतात. त्यांच्याकडे चरबी, पिसं, घाम, मोठं शरीर असं बरंच भांडवल असतं. कीटकांपाशी यातलं काहीच नसतं. काही मिलिमीटरच्या देहाला बाहेरची ऊब किंवा गारठा काही सेकंदांत आतपर्यंत जाणवतो. त्यामुळे एवढासा जीव तिथे तग धरतो कसा, हा प्रश्न कीटकांच्या बाबतीत जास्त चुरशीचा होतो. शिवाय या दोघांत एक अनपेक्षित साम्य आहे. ते पुढे येईलच.

मुंगी भर दुपारीच का बाहेर पडते? सकाळी का नाही?

सरड्यांमुळे. सहाराच्या त्या भागात अकँथोडॅक्टिलस वंशाचे सरडे मुंग्यांच्या वारुळांच्या आसपासच बिळं करून राहतात. सकाळी मुंगी बाहेर आली तर ती सरड्याचा नाश्ता होणार. पण ऊन चढत गेलं की सरड्यालाही वाळू सोसवत नाही आणि तो बिळात जातो. मुंगीच्या उंचीवरचं तापमान साधारण ४६.५ अंश सेल्सियसला पोचलं की ही वेळ येते. वारुळाच्या तोंडाशी काही मुंग्या तापमानाचा अंदाज घेत घुटमळत असतात. त्यांनी इशारा दिला की शेकडो मुंग्या एकदम बाहेर सांडतात.

इकडे मुंगीचीही एक सीमा आहे. सुमारे ५३.६ अंशांना तिच्या हालचालींचा ताळमेळ सुटतो आणि तिथून ती परत येत नाही. म्हणजे खाली सरडा, वर मरण, आणि मधे फक्त सात अंशांची फट. त्या फटीत, दिवसाला जेमतेम काही मिनिटांत, सगळ्या वारुळाचं अन्न गोळा करायचं. र्युडिगर वेनर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये हे मांडलं, तेव्हा त्याला तापमानाच्या दोरीवरची कसरत म्हटलं होतं.

आणि ती खाते काय? उन्हानं मेलेले इतर कीटक. ज्या उन्हानं इतरांचा जीव जातो त्यातच हिचं पोट भरतं. त्यामुळे ऊन जितकं कडक, तितका तिला माल जास्त. दुपारची वेळ ही तिची नुसती नाइलाजाची निवड नाही, तो धंदाच आहे.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. शोधाच्या मधेच मुंगी एखाद्या वाळक्या काडीवर किंवा गवताच्या ताटावर चढते आणि काही क्षण नुसती थांबते. वाळूच्या पृष्ठभागापासून थोडं वर गेलं की हवा बरीच गार असते. अंग निवलं की ती पुन्हा खाली उतरून धावू लागते. तिचे लांब पायसुद्धा धड वाळूपासून उंच ठेवतात, आणि तेवढ्या दोनचार मिलिमीटरनीही काही अंशांचा फरक पडतो.

अंगावर चांदी कुठून आली?

ती चांदी म्हणजे दाट, बारीक केस. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना केस, पोटाच्या खालच्या अंगाला मात्र नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली एक केस आडवा कापून पाहिला तर तो गोल दिसत नाही, त्रिकोणी दिसतो. वरच्या दोन बाजूंवर बारीक पन्हळी असतात आणि अंगाकडची तिसरी बाजू सपाट असते. केस आणि कातडी यांच्यात हवेची बारीक फट असते. प्रकाशकिरण केसात शिरतो, खालच्या सपाट बाजूवर तिरका आदळतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन बाहेर फेकला जातो. दहावीच्या विज्ञानात हिऱ्याच्या चकाकीचं कारण म्हणून जे येतं, तेच इथे चाललेलं असतं.

कोलंबिया विद्यापीठातल्या नानफांग यू यांच्या गटानं वेनर यांच्याबरोबर २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये याचा दुसरा अर्धाही दाखवला. हे केस सूर्याचा दृश्य आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश परतवतात, आणि मुंगीच्या अंगातली उष्णता मात्र दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात वरच्या आकाशाकडे सहज जाऊ देतात. घ्यायचं कमी आणि द्यायचं जास्त, असा दुहेरी हिशोब. त्यांच्या मोजमापात केसांमुळे अंगाचं तापमान ५ ते १० अंशांनी कमी राहतं. पोटाखाली केस का नाहीत, याचं उत्तरही त्यातच आहे: जो पृष्ठभाग उष्णता चांगली सोडतो तो चांगली शोषूनही घेतो, आणि खाली तर भाजणारी वाळू आहे.

पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या संशोधकांनी केस काढलेल्या मुंग्या आणि केसाळ मुंग्या यांची तुलना केली. त्यांना केसाळ मुंगी जवळजवळ दहापट प्रकाश परतवताना दिसली, पण तापमानातला फरक सुमारे २ अंशांचाच भरला. प्रयोगाची मांडणी बदलली की आकडा बदलतो. म्हणून कुणी "केसांमुळे मुंगी १० अंश गार राहते" असं छातीठोक सांगितलं की मी थोडं सावधपणे ऐकतो.

ती जगातली सर्वांत वेगवान मुंगी आहे हे खरं का?

मोजलेल्या मुंग्यांमध्ये, हो. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या गटानं ट्युनिशियातल्या डूझजवळच्या वाळूत वारुळं शोधून, धावण्याच्या पट्टीवर वेगवान कॅमेरा लावून २०१९ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. कमाल वेग सेकंदाला ८५५ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या १०८ पट. एका सेकंदात पाय ४० हून जास्त वेळा हलतो आणि दर पावलाला वाळूला टेकतो तो कधीकधी फक्त ७ सहस्रांश सेकंद. गंमत म्हणजे तिच्या नात्यातल्या कॅटाग्लिफिस फोर्टिस या मुंगीचे पाय हिच्यापेक्षा लांब आहेत, तरी ती मागे पडते. चंदेरी मुंगी आखूड पाय जास्त भराभर टाकून बाजी मारते.

"माणूस एवढ्या पटीनं धावला तर ताशी साडेसहाशे किलोमीटर!" असं वाक्य या बातमीच्या शेवटी हमखास असतं. ते सोडून द्या. शरीर मोठं झालं की स्नायू, वजन आणि हवेचा विरोध यांची गणितंच बदलतात. प्रत्यक्षात हा वेग ताशी ३ किलोमीटर आहे, आपण बाजारात रेंगाळत चालतो तेवढा. ८ मिलिमीटरच्या जिवासाठी तो अफाट आहे, एवढं पुरे.

उघड्या वाळवंटात घर कसं सापडतं?

बाहेर जाताना ती नागमोडी हिंडते, पण भक्ष्य मिळालं की जवळजवळ सरळ रेषेत घरी येते. दिशा कळते ती आकाशातल्या ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशाच्या रचनेवरून आणि सूर्यावरून. अंतर कळतं ते पावलं मोजून. पावलांचा पुरावा चंदेरी मुंगीवरचा नाही, तो तिच्या बहिणीवरचा, कॅटाग्लिफिस फोर्टिसवरचा आहे. २००६ मध्ये संशोधकांनी अन्नापाशी पोचलेल्या काही मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांच्या काड्या चिकटवून ते लांब केले, काहींचे पाय छाटून आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घराच्या पुढे निघून गेल्या आणि आखूड पायांच्या अलीकडेच थांबून घर शोधू लागल्या. पाय छाटण्याचा भाग वाचताना कससं होतं, पण प्रयोगात पळवाट उरली नाही हेही खरं.

अंटार्क्टिकाचं चिलट कधी आणि कसं सापडलं?

बेल्जियमच्या १८९७ ते १८९९ च्या मोहिमेत. 'बेल्जिका' हे जहाज आद्रियाँ द जेर्लाश यांच्या नेतृत्वाखाली गेलं होतं, आणि पुढे दक्षिण ध्रुवावर पोचलेले रोआल्ड आमुंडसेन तेव्हा त्यावर अधिकारी होते. मोहिमेचे निसर्गशास्त्रज्ञ होते रोमानियाचे एमिल राकोवित्सा. बर्फात अडकून जहाजानं अख्खा हिवाळा काढला, अंटार्क्टिकात असा हिवाळा काढणारी ती पहिली वैज्ञानिक मोहीम. पण त्याआधी किनाऱ्यांवर उतरण्याची संधी मिळाली होती, आणि तिथे गोळा केलेल्या नमुन्यांत हा कीटक होता. १९०० मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि नाव जहाजावरून पडलं.

पेंग्विन आणि सील असताना ६ मिलिमीटरचं चिलट खंडावरचा सर्वांत मोठा भूचर प्राणी कसं?

पेंग्विन आणि सील जमिनीवर येतात, पण पोट समुद्रावर भरतात. आख्खं आयुष्य जमिनीवर काढणारे प्राणी बघायचे तर उरतात माती आणि शेवाळातले किडे: माइट, स्प्रिंगटेल, सूत्रकृमी. त्यांच्यात बेल्जिका सर्वांत मोठं.

त्याचं आयुष्य किती?

साधारण दोन वर्षं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं अळीच्या रूपात. अळीचे चार टप्पे असतात. शेवाळ, शैवाल, बुरशी, कुजकं काहीबाही आणि पेंग्विनच्या वसाहतींभोवतीची विष्ठेनं भरलेली माती हे तिचं खाणं. उन्हाळ्यात थोडं वाढायचं, हिवाळ्यात गोठून थांबायचं, पुन्हा उन्हाळा, पुन्हा हिवाळा. मग तिसऱ्या उन्हाळ्यात कोष, आणि त्यातून प्रौढ चिलट. प्रौढ जेमतेम आठवडा-दीड आठवडा जगतं. ते काही खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, संपलं. मादी अंडी एका जेलीसारख्या थरात गुंडाळते. तो थर अंड्यांना सुकण्यापासून वाचवतो आणि नव्या अळ्यांचं पहिलं अन्नही होतो.

इतक्या थोड्या दिवसांत नरमादीची गाठ पडायची तर सगळ्यांनी एकाच वेळी प्रौढ व्हायला हवं. ते जमतं कसं, हे जपानी संशोधकांच्या गटानं २०२५ मध्ये उलगडलं. पहिल्या हिवाळ्यात बहुतेक अळ्या दुसऱ्या टप्प्यात नुसत्या थांबतात, म्हणजे ऊब आली की लगेच कामाला लागतात. दुसऱ्या हिवाळ्यात चौथ्या टप्प्याच्या अळ्या मात्र ठरवून सुप्तावस्थेत जातात आणि पुरेशी थंडी भोगल्याशिवाय उठतच नाहीत. त्यामुळे पुढे असलेल्या अळ्या थांबतात, मागच्या त्यांना गाठतात, आणि उन्हाळा आला की सगळ्या एकदम पुढे सरकतात.

हिवाळ्यात अळी गोठून मरत नाही का?

गोठते, पण मरत नाही. आणि कधीकधी गोठण्याऐवजी सुकते. दोन्ही वाटा पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वाट गोठण्याची. शरीराबाहेरचा बर्फ त्वचेला टेकला की आतल्या द्रवातही बर्फ धरतो. पण तो पेशींच्या बाहेरच्या द्रवात धरतो, पेशींच्या आत नाही. ट्रेहॅलोज, ग्लुकोज, एरिथ्रिटॉल असे गोड पदार्थ आधीच साठवलेले असतात. ते पेशींची पटलं आणि प्रथिनं सांभाळतात. वजा १५ अंशांपर्यंतचं गोठणं अळी निभावून नेते.

दुसरी वाट सुकण्याची. भोवती बर्फ असेल पण त्वचेला टेकलेला नसेल, तर बर्फावरचा बाष्पदाब अळीच्या अंगातल्या पाण्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे अंगातलं पाणी त्वचेतून हळूहळू बाहेर निघून बर्फाला मिळतं. अळी आक्रसते, सुरकुतते, काळपट होते. आतलं द्रावण दाट होत जातं आणि त्याचा गोठणबिंदू इतका खाली जातो की गोठायला काही उरतच नाही. अंगातलं ७० टक्के पाणी गेलं तरी ती जगते. वर पाण्याचा थेंब टाकला की थोड्याच वेळात फुगून पुन्हा वळवळू लागते. माणूस १०-१५ टक्क्यांनीच आडवा होतो.

म्हणूनच मला वाटतं की या कीटकाला 'थंडीचा' म्हणण्यापेक्षा 'दुष्काळाचा' म्हटलं तर जास्त बरोबर ठरेल. अंटार्क्टिकात पाणी चहूकडे आहे, पण वर्षातला बराच काळ ते बर्फाच्या रूपात कुलूपबंद असतं. याशिवाय वितळलेल्या बर्फात बुडणं, समुद्राचं खारं पाणी अंगावर येणं, बर्फाखाली आठवडेच्या आठवडे ऑक्सिजन न मिळणं, हेही ती सोसते.

मग थंडी सोसण्यात हा जगात पहिला?

नाही. बातम्यांत तसं छापून येतं, पण अलास्कातल्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या वजा ५० च्याही खाली तग धरतात. बेल्जिकाला त्याची गरजच पडत नाही. हिवाळ्यात वर हवा कितीही उतरो, बर्फाच्या थराखालची माती सहसा वजा ५ ते वजा ७ अंशांच्या खाली फारशी जात नाही. त्याची खासियत थंडीच्या आकड्यात नाही, गोठणं, सुकणं, बुडणं, गुदमरणं हे सगळं एकाच अंगावर काढण्यात आहे.

पंख का नाहीत?

त्या बेटांवरच्या वाऱ्यात उडणारा कीटक सरळ समुद्रात जाणार. शिवाय पंख आणि त्यांचे स्नायू वाढवायला जी शक्ती लागते ती दोन आखूड उन्हाळ्यांत जमवणं महाग पडतं. बेल्जिकाचे नर आणि माद्या दगडांवर, शेवाळावर चालत चालतच एकत्र येतात. मुंगीच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे: कामकरी मुंग्यांना कुठल्याच जातीत पंख नसतात.

दोघांत साम्य काय? की सगळा फरकच?

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. १९६२ मध्ये फेरुच्चिओ रितोस्सा या इटालियन संशोधकाला फळमाशीच्या अळीच्या गुणसूत्रांवर नेहमी न दिसणारे फुगवटे दिसले. तापमान चुकून वाढलं होतं. त्यातून पुढे 'हीट शॉक प्रथिनं' सापडली. प्रथिनांच्या घड्या उष्णतेनं मोडतात. ही प्रथिनं मोडू लागलेल्या घड्या सावरतात आणि फार बिघडलेली प्रथिनं बाजूला काढायला मदत करतात. नाव उष्णतेचं असलं तरी गारठा, सुकणं, विष अशा बऱ्याच आघातांत ती कामी येतात. जिवाणूंपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे ती आहेत.

सर्वसाधारण नियम असा की आघात झाला की प्रथिनं बनतात आणि आघात सरला की बनणं थांबतं. कारण ती बनवत राहणं महाग असतं आणि त्या काळात वाढीची बाकी कामं मागे पडतात.

हा नियम चंदेरी मुंगी मोडते. वॉल्टर गेरिंग आणि वेनर यांनी १९९५ मध्ये दाखवलं की कॅटाग्लिफिस मुंग्यांच्या अंगात ही प्रथिनं उन्हात जाण्याआधीच, वारुळात असतानाच साठलेली असतात. नळ जाणार हे माहीत असलेल्या घरात आदल्या रात्रीच पिंप भरून ठेवतात, तशातला प्रकार. कारण उघड आहे. बाहेरचा फेरा काही मिनिटांचा. तापल्यावर प्रथिनं बनवायला घेतली तर ती तयार होईपर्यंत मुंगी संपलेली असेल.

आणि हाच नियम बेल्जिकाची अळीही मोडते. २००६ मध्ये डेव्हिड डेनलिंगर आणि रिचर्ड ली यांच्या चमूला दिसलं की अळीत हीट शॉक प्रथिनांची जनुकं कायमच चालू असतात, आघात असो वा नसो. प्रौढांत मात्र तसं नाही. ते इतर कीटकांसारखे आघात झाल्यावरच प्रथिनं बनवतात. प्रौढ भर उन्हाळ्यात थोडे दिवसच जगतो, अळीला दोन हिवाळे काढायचे असतात, हे लक्षात घेतलं की फरक जुळतो.

एक जीव सहारात, दुसरा अंटार्क्टिकात, दोघांचे पूर्वज वेगळे होऊन तीसेक कोटी वर्षं लोटलेली, आणि दोघांनी एकाच जुन्या यंत्रणेचं बटण 'गरज पडली तर' वरून 'आधीपासून' वर नेलेलं. फरक उरतो तो ती ढाल कशासाठी वापरायची यात. मुंगी संकट अंगात शिरू देत नाही: केस, पाय, वेग, काडीवरचा विसावा, सगळं काही मिनिटं ५३ अंशांच्या आत राहण्यासाठी. अळी संकट अंगात येऊ देते, त्याच्यासकट महिनोन्महिने पडून राहते आणि नंतर पुन्हा सुरू होते. उष्ण विरुद्ध थंड असा तक्ता मांडला की हा मुद्दाच निसटतो. खरी विभागणी टाळणं आणि सोसणं अशी आहे.

दोघांची अदलाबदल केली तर?

दोघंही मरतील. प्रयोगशाळेत १० अंशांना चंदेरी मुंगीचा कमाल वेग सेकंदाला ५७ मिलिमीटरवर येतो. त्याखाली काय होईल ते कळतंच. उलट बेल्जिकाच्या अळीला तेच १० अंश आठवडाभर दिले तरी ती दगावते. महाबळेश्वरची डिसेंबरची रात्र अळीला उकाडा आणि मुंगीला गारठा.

बेल्जिकाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, सर्वांत छोटा आहे म्हणतात. त्यामुळेच ते थंडीत टिकतं का?

२०१४ मध्ये बेल्जिकाचा जीनोम वाचला गेला तेव्हा तो ९.९ कोटी बेसजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्यांचा) निघाला, तोवर माहीत असलेल्या कीटकांत सर्वांत छोटा. माणसाचा ३०० कोटींहून जास्त आहे. पण जनुकं कमी नव्हती. साडेतेरा हजारांच्या आसपास, म्हणजे इतर माश्यांएवढीच. कमी होता तो मधला भराव: पुनरावृत्त तुकडे आणि जनुकांमधले निरुपयोगी वाटणारे भाग. थंडीमुळे जीनोम आटला ही कल्पना आकर्षक आहे, पण याच कुळातल्या युरोपीय किनाऱ्यांवरच्या क्लुनिओ या चिलटाचाही जीनोम तितकाच छोटा आहे, आणि त्याला असली थंडी माहीत नाही. म्हणून मी हा मुद्दा थंडीच्या खात्यावर टाकत नाही.

चावतात का?

चिलट नाही. मुंगी चावू शकते, नांगी मात्र तिला नसते. वारुळात मोठ्या, तलवारीसारख्या जबड्यांच्या सैनिक मुंग्याही असतात.

तापमानवाढीनं बेल्जिकाचं भलंच होईल ना?

उलट. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अळ्यांना सहा महिन्यांचा नकली हिवाळा दिला: काहींना वजा ५ अंशांचा, काहींना वजा ३ चा, काहींना वजा १ चा. सर्वांत 'उबदार' हिवाळ्यातल्या अळ्या जास्त मेल्या, उरलेल्या सुस्त निघाल्या आणि त्यांचा साठा जास्त खर्ची पडलेला होता. गारठ्यात चयापचय मंदावतो म्हणूनच शिल्लक टिकते. दोन अंश वाढले की झोपेतच शिदोरी संपते.

दुसरा धोका पाहुण्याचा आहे. साउथ जॉर्जिया बेटावरचं एरेट्मोप्टेरा मर्फी हे बेल्जिकाच्या नात्यातलं चिलट १९६० च्या दशकात रोपांच्या प्रयोगांबरोबर नकळत अंटार्क्टिकाजवळच्या सिग्नी बेटावर पोचलं. तिथे ते फोफावलं आणि मातीतलं नायट्रोजनचं प्रमाण वाढवतं आहे. बुटांच्या तळाला चिकटलेल्या मातीतूनही ते पसरू शकतं. हल्ली अर्जेंटिनातल्या उशुआयाहून जहाजानं अंटार्क्टिक द्वीपकल्पाला जाणाऱ्यांत मराठी मंडळीही असतात. उतरण्याआधी बूट धुवायला लावतात तेव्हा कंटाळू नका.

भारताच्या तळांवरून हा कीटक दिसतो का?

नाही. मैत्री (१९८९ पासून) आणि भारती (२०१२ पासून) हे दोन्ही तळ पूर्व अंटार्क्टिकात आहेत आणि बेल्जिका पश्चिमेच्या द्वीपकल्पावर. मधे हजारो किलोमीटर बर्फ. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या मोहिमा तिथून आखल्या जातात. १९८१ मधली पहिली मोहीमही गोव्यातूनच निघाली होती. मैत्रीच्या परिसरात शेवाळ आणि मातीतले सूक्ष्म जीव आहेत, पण कीटक नाहीत.

यांचे नातेवाईक आपल्याकडे आहेत का?

आहेत. बेल्जिका ज्या चिरोनोमिडी कुळातलं, त्याची चिलटं आपल्या तळ्या-नद्यांवर संध्याकाळी खांबासारखे थवे करतात. लोक डास समजून खिडक्या लावून घेतात, पण ती चावत नाहीत. त्यांच्यातल्या काहींच्या लाल अळ्या म्हणजेच माशांच्या दुकानात मिळणारे ब्लडवर्म. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनच्या चिखलात जगण्याची सोय. कॅटाग्लिफिस मुंग्यांच्या काही जाती वायव्य भारताच्या कोरड्या मुलखात आहेत. पोट वर उचलून पळणारी लांब पायांची मुंगी दिसली तर नीट बघा.

शाळेच्या प्रकल्पासाठी यातलं काय करता येईल?

मुंग्यांचा भाग करता येईल. मे महिन्यात सकाळी ८ पासून दुपारी ३ पर्यंत दर तासाला एकाच वारुळाच्या तोंडाशी पाच मिनिटं बसा. बाहेर येणाऱ्या मुंग्या मोजा आणि त्याच वेळी जमिनीचं तापमान लिहा. वर्तमानपत्रातलं तापमान चालणार नाही, ते सावलीतल्या हवेचं असतं. हवा ४३ असताना उघडी जमीन ६० च्या पुढे जाऊ शकते. आपल्या बहुतेक मुंग्या दुपारी गायब होतील आणि ती संख्या कोणत्या अंशाला कोसळते तो तुमचा निष्कर्ष. दोन जातींची वारुळं घेतली तर दोन वेगळ्या रेषा मिळतील, आणि आलेख खरा रंगेल.

कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, तो ४२-४३ अंशांच्या वर आकडाच दाखवत नाही. इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानात मिळणारा, यंत्रांसाठीचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या आणि जमिनीपासून वितभर अंतरावर धरा. जास्त लांब धरला तर तो शेजारची सावलीही मोजतो.